जावयाचा माईक, पोराचा माईक

मिरजेच्या डॉक्टरांनी आबांच्या घशात आरसा घालून पाहिलं आणि गाठ आहे म्हणून सांगितलं. ती काढायची तर तिच्याबरोबर आवाजाची पेटीही काढावी लागणार होती. माणूस वाचेल, पण बोलणं जाईल, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. आबा म्हणजे माझे वडील. त्यांनी जरा विचार केला आणि नंतर मटण खाता येईल का, एवढंच विचारलं. येईल म्हटल्यावर ते टोपी घालून उठले. परतीच्या एसटीत मी आणि आई खिडकीबाहेर बघत बसलो होतो आणि आबा कंडक्टरशी उसाच्या लागणीविषयी बोलत होते.

आबा फौजेत हवालदार होते. रंगरुटांची परेड घेण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. ते पेन्शनीत आले, पण त्यांच्या आवाजानं कधी पेन्शन घेतली नाही. आमचं गाव कुंडलच्या अलीकडं, आणि मळा ओढ्यापलीकडं. मळ्यातल्या विहिरीवरून ते आईला हाक मारत आणि आई इकडं घरात चहाचं आधण ठेवत असे. आसपासच्या जत्रांमध्ये कुस्त्यांच्या जोड्या पुकारायला त्यांना मुद्दाम बोलावणं यायचं. कुणी माईक पुढं केला, की ते तो हातानं बाजूला सारत. ज्याला घसा नाही त्यानं माईक धरावा, असं ते म्हणत. आता त्यांचा घसा बसला होता, आवाज घोगरा झाला होता. तरी तो बसलेला आवाजसुद्धा शेजारी उभ्या असलेल्या माणसाला दचकवायला पुरेसा होता.

त्या संध्याकाळी आई चुलीपुढं भाकरी थापत होती. माझ्याकडं न बघता ती बोलली.

"मला परेड नको. मला हाक मारत्यात तेवढी ऱ्हायला पायजे. कशात बी भरून ठेवा."

नवऱ्यानं आपल्याला मारलेली हाक जपून ठेवा, असं मुलाला किंवा जावयाला सांगायची तिला लाज वाटत होती, म्हणून ती मला म्हणाली. मी तेव्हा पलूसला शाळेत शिकवत होते, लग्न झालेलं नव्हतं, आणि घरात माझं बोलणं ऐकून विसरून जायचं अशी पद्धत होती. तरी मी भावाच्या कानावर घातलं. भाऊ रजेवर आला होता. तोही फौजेत. त्यानं कलकत्त्याहून कॅसेटचं यंत्र आणलं होतं आणि त्याच्याबरोबर एक माईक. आबांचा आवाज भरायचा हे त्याला एकदम पटलं. काय भरायचं, हे मात्र त्यानं ऐकून घेतलं नाही.

ही बातमी साताऱ्याला पोचली आणि दाजी आले. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, साताऱ्यात एका कचेरीत कारकून. बहीणही बरोबर आली. त्यांना यंत्रांचा फार नाद. त्यांनी कापडात गुंडाळून स्वतःचा माईक आणला होता. दोन्ही माईक कंडेन्सर होते. लाऊडस्पीकरच्या माईकला तोंड लावून ओरडावं लागतं, पण कंडेन्सरच्या पोटात पेन्सिल सेल असतो आणि त्याला कुजबुजलेलंही ऐकू येतं, असं दाजींनी समजावून सांगितलं. सोप्यात बसलेल्या एका शेजाऱ्यानं, पंख्यात असतो तोच कंडेन्सर का, असं विचारलं. दाजींनी त्याला जे उत्तर दिलं ते इतकं लांबलं, की तो घरी जाऊन जेवून परत आला तरी ते चालूच होतं.

भावाचा माईक बोटाच्या पेराएवढा होता, सदऱ्याला अडकवायच्या चिमट्यासकट. दाजींचा माईक लांब, स्टीलचा, डोक्यावर काळ्या स्पंजची टोपी घातलेला. कोणता चांगला हे ठरवून त्यात आबांचा आवाज भरायचा, एवढंच काम होतं. शहाण्या माणसांच्या घरात ते तासाभरात झालं असतं. पण आमच्याकडं एक माईक जावयाचा होता आणि एक घरच्या पोराचा. जावयाचा माईक वाईट आहे असं सासऱ्याच्या घरात कुणी कसं म्हणायचं? आणि सीमेवर पहारा करून आलेल्या पोराचा माईक तरी कसा पाडायचा? हा पेच सगळ्यांच्या लक्षात आला आणि सगळे फार गंभीर झाले.

आबांनी तो सोडवला. त्यांनी सांगितलं, की दोन्ही माईकची जोड लावायची. कुस्तीच्या मैदानात लावतात तशीच. दोघांना सारखी जागा, सारखा वेळ, आणि निकाल पंच देतील. पंच म्हणून सरपंच आले आणि हायस्कूलचे हेडमास्तर आले. आईनं धान्य मापायची पायली आणून पालथी घातली, तिच्यावर माईक ठेवायचं ठरलं. हेडमास्तरांनी दोन्ही माईकना हळदकुंकू लावलं. दाजींनी आपल्या माईकच्या टोपीवरचं कुंकू हळूच फुंकरून काढलं.

कोरी कॅसेट एकच होती. ती खऱ्या कामासाठी म्हणून देव्हाऱ्यात ठेवली होती, तिच्या वरचा प्लॅस्टिकचा कागदही काढायचा नाही असं ठरलं होतं. तुलनेसाठी दाजींची भजनांची कॅसेट घेतली. तिच्या शेवटी बरीच जागा मोकळी होती.

आबा मांडी घालून बसले. काय बोलू, असं त्यांनी विचारलं. काही पण, असं भाऊ म्हणाला. फौजी माणसाला काही पण म्हणून चालत नाही. आबांनी छाती भरून घेतली आणि "परेड, सावधान!" असा हुकूम सोडला. गोठ्यातली म्हैस उभी राहिली. एकेका माईकवर भरून यंत्रावर ऐकलं तर दोन्हींतून नुसत्या ज्वारीच्या लाह्या फुटत होत्या. कुजबुज ऐकायला बनवलेल्या कानात आबा ओरडले होते. हळू बोला, असं दाजींनी अदबीनं सांगितलं. आबांनी हळू बोलायचा प्रयत्न केला, पण आयुष्यात कधी न केलेली गोष्ट त्या वयात जमणं कठीण होतं. मग माणूस हलत नाही तर माईक हलवा, असं ठरलं. पायली सोप्यातून माजघरात गेली, माजघरातून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेली. तिथं एकदाचे यंत्राला आबा सोसले.

आता शब्द कोणते, हा प्रश्न परत आला. हुकूम नको म्हटल्यावर आबांना काही सुचेना. बसून बसून त्यांना चहाची तल्लफ आली होती. तेव्हा जे रोज बोलत तेच ते बोलले.

"अगं ए, च्या टाक."

मी चपापून आईकडं बघितलं. ती आत चुलीपाशी होती. ही हाक चाचणीची आहे हे तिला कुठं ठाऊक? ती "टाकते, वरडू नका," म्हणाली आणि तिनं आधण ठेवलं. सगळ्यांनी चहा प्याला. मग जोड बरोबरीची हवी म्हणून माईक बदलला आणि आबांनी तेच वाक्य परत म्हटलं. आईनं परत आधण ठेवलं. मग हेडमास्तर म्हणाले, की आधीच्या वेळी चुलीत लाकूड तडतडलं होतं, ते धरू नये. पुन्हा एकदा घ्या. मग सेल बदलून एकदा. मग खिडकी लावून एकदा. आईनं एकदाही विचारलं नाही, की आज एवढा चहा कशाला. दूध संपलं तेव्हा तिनं शेजारून आणलं. आबांना वाटलं, फौजेतसुद्धा एवढी चांगली कँटीन नव्हती.

शेवटी सगळे ऐकायला बसले. स्वतःचा आवाज आबा पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांनी कान पुढं केला आणि भावाला विचारलं, ह्यो कोन? तुम्हीच आहात, असं भाऊ म्हणाला. आबांनी मान हलवली.

"न्हाई रं. ह्यो मानूस आजारी वाटतोय."

भावानं घाईघाईनं पुढचं लावलं.

दाजींचा माईक समोरचं तेवढंच ऐकत होता. त्यात आबांची हाक स्वच्छ होती, जरा नाकातली, आणि तिच्या मागंपुढं काही नव्हतं. भावाचा चिमुकला माईक मात्र सगळ्या दिशांनी ऐकत होता. त्यात आबा होते, म्हैस होती, पलीकडच्या गल्लीतली पिठाची गिरणी होती, कावळा होता, आणि आतून आईचं "टाकते, वरडू नका" होतं. ते ऐकून सगळे हसले. उंबऱ्यात उभी असलेली आई पदर तोंडाला लावून आत पळाली. या माईकला काय ऐकावं आणि काय ऐकू नये ते कळत नाही, बायकांचं बोलणंसुद्धा त्यात घुसलंय, असा दोष दाजींनी काढला. भाऊ म्हणाला, पहाऱ्यावरच्या माणसाला सगळंच ऐकू यायला लागतं. आवाज थोडे चढले. बहीण दाजींच्या मागं जाऊन उभी राहिली.

सरपंचांनी निकाल द्यायला घसा साफ केला. त्यांनी दोन्ही माईकचं कौतुक केलं, दोन्ही आणणाऱ्यांचं कौतुक केलं, आणि निकाल आबांवर सोपवला. आबांनी मैदानातल्यासारखे दोन्ही माईक दोन हातांत धरून वर केले आणि कुस्ती बरोबरीत सोडली. कोऱ्या कॅसेटची पहिली बाजू जावयाच्या माईकवर, कारण मान त्यांचा, आणि दुसरी बाजू पोराच्या माईकवर. सगळ्यांना पटलं. मला राग आला होता. आईला काय हवंय ते मी परत सांगितलं, तर भाऊ म्हणाला, अगं, ते तर ते रोजच म्हणतात, त्यात भरण्यासारखं काय आहे?

यापुढं काय झालं ते आमच्याच भागात होऊ शकतं. माणसानं माईकपुढं बसावं आणि बोलावं, हे कुणाला पुरेसं वाटेना. आबांच्या हाताखाली परेड शिकून गावातली कितीतरी पोरं भरती झाली होती. त्यांचा आवाज भरायचा म्हणजे कार्यक्रम व्हायला हवा. मिरजेला जायच्या दिवशी सकाळी देवळापुढं सतरंज्या पडल्या, खुर्च्या आल्या, टेबलावर चादर आली, चादरीवर यंत्र आलं. देव्हाऱ्यातली कॅसेट हेडमास्तरांच्या हस्ते कागदातून मोकळी झाली. भावानं बटण दाबलं आणि सरपंचांनी नारळ फोडला. तो नारळ पहिल्या बाजूवर फार सुंदर आला आहे.

हेडमास्तरांनी प्रास्ताविक केलं. त्यांनी विश्वाच्या आरंभी नाद होता इथून सुरुवात केली आणि ते आबांच्या जन्मापर्यंत फार सावकाश आले. मग दाजींचा सत्कार झाला, कारण माईक त्यांचा. दाजींनी सत्काराला उत्तर देताना कंडेन्सर म्हणजे काय ते सांगितलं. सरपंचांनी आबांना शाल घातली आणि कालव्याच्या पाण्याचा विषय काढला. मध्येच कॅसेट उलटली, माईक बदलला, भावाचा सत्कार झाला. कवठे महांकाळहून आलेले आमचे एक पाहुणे होते, त्यांना दोन शब्द बोलायचा आग्रह झाला. ते आमच्याकडच्या पाण्याविषयी ऐकून आधीच पेटले होते, त्यांनी तिकडच्या दुष्काळाविषयी दोन शब्द बोलायला घेतले आणि ते संपेनात. मी भावाला खुणा करत होते. तो वर बघतच नव्हता. आबा उन्हात शाल पांघरून, पाठ ताठ ठेवून बसले होते. शिस्तीचा माणूस, आपली पाळी आल्याशिवाय बोलायचं नाही.

आभार मानून झाले. आता सत्कारमूर्ती बोलतील, असं हेडमास्तर म्हणाले. आबा उठले. त्यांनी टोपी नीट केली, सदरा खाली ओढला, छाती भरून घेतली. यंत्राचं बटण खट् करून वर आलं.

भावानं कॅसेट काढून उन्हात धरून बघितली. दोन्ही बाजू भरल्या होत्या. कुणाचं तरी भाषण पुसून त्यावर घेता येईल, असं तो पुटपुटला आणि सगळे वक्ते समोरच बसलेले बघून गप्प झाला. सरपंच म्हणाले, भाषणं राहू द्या, त्याही आठवणीच आहेत. आईनं मान खाली घातली होती. मला त्या वेळी देवळापुढची एकेक खुर्ची उचलून ओढ्यात टाकावीशी वाटत होती.

आबांना कुणाचा राग आलेला दिसला नाही. मिरजेच्या गाडीची वेळ झाली होती. त्यांनी सगळ्यांकडं बघितलं आणि माईक नसल्यावर बोलत तसे बोलले. परेड, विसर्जन, असा शेवटचा हुकूम त्यांनी दिला. माणसं खरोखरच उठून चालायला लागली. मिरजेला भावानं यंत्र पिशवीत घालून नेलं होतं, पण वॉर्डात तो ते काढायला लागला, तेव्हा आबांनी त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे गड्या. माझा घसा माईकची वाट बघत बसनार न्हाई."

ऑपरेशन चांगलं झालं. आबा गळ्याला एक भोक आणि त्यावर पांढरा रुमाल घेऊन घरी आले. भावाची रजा संपली. तो जाताना यंत्र आणि माईक घरी ठेवून गेला. दाजींनीही आबांच्या करमणुकीसाठी भजनांची कॅसेट राहू दिली. देवळापुढच्या कार्यक्रमाची कॅसेट सरपंच घेऊन गेले, कारण तिच्यात त्यांचंच बोलणं जास्त होतं.

घर मात्र विचित्र झालं. आबांना काही हवं असलं, की ते चमच्यानं पितळी वाटी वाजवायचे. आई वाटीला ओ देईना. मी म्हैस हाय का, वाटी वाजवल्यावर यायला, असं ती मला म्हणाली. ती रागावली आहे असं मला वाटलं. मग एकदा तिला परसात एकटीला उभी राहून मळ्याच्या दिशेनं कान देताना बघितलं, आणि ती रागावलेली नाही हे मला कळलं. मी परत घरात गेले.

आबा दिवसभर सोप्यात बसून भजनं ऐकत. आमच्यापैकी कुणाला एवढा वेळ नव्हता, की भजनांची कॅसेट शेवटपर्यंत चालू द्यावी. आबांना होता.

एकदा दुपारी मी शाळेतून येऊन पाय धूत होते. सोप्यातून आवाज आला, "अगं ए, च्या टाक."

माझ्या हातातला तांब्या खाली पडला. आत गेले तर आबा यंत्रापुढं बसले होते, एक बोट बटणावर, आणि चोरी पकडल्यासारखे माझ्याकडं बघत होते. आई उंबऱ्यात आली. तिचे हात पिठाचे होते. तिनं यंत्राकडं बघितलं. आम्ही सगळे, सरपंच, हेडमास्तर, दाजी, भाऊ, दिवसभर चहा पीत बसून ज्या गोष्टीचा निकाल लावू शकलो नव्हतो, तो तिनं एका वाक्यात लावला.

"ह्यो जावयाचा. पोराचा लावा, त्यात मी बी हाय."

आबांनी कॅसेट पुढं सरकवली, मागं घेतली, मध्येच एक टाळ वाजून गेला. मग हाक आली, तिच्या मागं म्हैस, गिरणी, कावळा, आणि सगळ्यांच्या मागून आई. आईनं हात धुतले आणि आधण ठेवलं. आबा रडत होते. त्यांच्या रडण्यालाही आता आवाज नव्हता, रुमाल तेवढा हलत होता.

त्यानंतर आमच्या घरात चहा असाच टाकला जायचा. वाटी परत फडताळात गेली. आबा बटण दाबायचे, यंत्र हाक मारायचं, यंत्रच उत्तर द्यायचं, आणि आई गुपचूप उठायची. शेजारीपाजारी सुरुवातीला थांबून बघायचे, मग त्यांनाही सवय झाली.

दाजी साताऱ्याहून आले, की मात्र पंचाईत व्हायची. जावयासमोर जावयाचाच माईक लावायला हवा, हे आबांनी कधी चुकवलं नाही. त्या माईकची हाक स्वच्छ यायची, जरा नाकातली, आणि पुढं काही नसायचं. दाजी समाधानानं मान हलवायचे. आबा बटणावर बोट ठेवून दाराकडं बघत थांबायचे. मग आतून, चुलीपासून, आई स्वतःच म्हणायची, "टाकते, वरडू नका."